दोन खांब उघडेच

“अण्णा! ह्यो खांब नागडा ठेवलायसा काय म्हणून? आन् त्यो पलीकडचा बी! लग्नाचा मांडव हाय का गोठ्याचा सांगाडा?”

नवरीचे वडील ओरडत होते. नुसते ओरडत नव्हते, संकेश्वरच्या त्या कार्यालयातले पंखे त्यांच्या आवाजावर फिरत होते. वीज कधीच गेली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ऊसवाला माणूस. फडाच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या टोळीला हाक मारायची सवय, त्यामुळे हातभरावर बसलेल्या माणसाशीही ते तसंच बोलत. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मुलीचं लग्न अगदी तोंडावर आलेलं. सनईवाले गाल फुगवून तयार, भटजी पंचांगात बोट घालून तयार, पाहुण्यांच्या मुठीत अक्षता आलेल्या. आणि स्टेजच्या चार खांबांपैकी मागचे दोन फिकट गुलाबी फुलांनी गळ्यापर्यंत नटलेले, पुढचे दोन मात्र उघडे. बांबू, सुतळी, आणि बांबूला चिकटलेली मागच्या कुठल्यातरी लग्नाची एक वाळकी पाकळी.

ज्यांच्यावर हे चाललं होतं ते निपाणीचे अण्णा त्याच उघड्या खांबाला पाठ लावून खुर्चीत बसले होते आणि बशीत ओतून चहा पीत होते.

“ऐकू येतंय का न्हाय?”

“येतंय की. गडहिंग्लजला बी येत आसंल.”

“मग?”

अण्णांनी बशी मांडीवर ठेवली, मिशीवरचा चहा पुसला आणि विचारलं, “मामा कुठं हाय?”

झालं. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरात बुंदी पाकात पडल्याचा आवाज मी स्टेजवर ऐकला. नवरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. आप्पांचा उघडलेला जबडा तसाच राहिला. मी त्या लग्नाचा फोटोग्राफर, बेळगावचा; पण तो फोटो काही मी काढला नाही. काही फोटो काढले तर जन्मभर कार्यालयात पाय ठेवू देत नाहीत.

आता अण्णा काय चीज होती ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

अण्णा फुलांचं डेकोरेशन करायचे. निपाणीत त्यांचं दुकान होतं, पण दुकानात ते कधी सापडायचे नाहीत. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. लग्नात कधी दुसरा रंग अंगाला लावला नाही. “रंग माझा न्हाय, नवरीचा,” असं म्हणायचे. शर्टाच्या खिशाला एक भलीमोठी सेफ्टी पिन आणि तिच्यात खणांचे, साड्यांचे, ब्लाउजपिसांचे बोटभर तुकडे ओवलेले. ज्या नवरीचं लग्न असेल तिच्या साडीचा तुकडा सगळ्यात वर. पहाटेच्या फूलबाजारात शिरले की हा जुडगा काढून एकेका पाटीला लावून बघायचे. शेवंतीवाला म्हणायचा, “अण्णा, गुलाबीच हाय की.” अण्णा म्हणायचे, “गुलाबी हाय, पर हिच्या माहेरची न्हाय.” आणि पुढं चालू पडायचे. मी शपथेवर सांगतो, अण्णा बाजारात आले की पाटीतला निशिगंध पाठ ताठ करून बसायचा.

त्यांच्या बोलण्याचीही वाटणी होती. पाहुण्यांशी मराठी, कामगारांशी कानडी, आणि फुलांशी हिंदी. “आरे बाबा, सीधा रहो ना जरा,” असं जरबेराला सांगताना मी स्वतः ऐकलंय. एकदा विचारलं, अण्णा, फुलांशी हिंदी कशाला? तर म्हणाले, “ही सगळी बंगळूर-पुण्यास्नं येत्यात. त्यास्नी आपलं कुठलं कळतंय?” हट्टी गुलाब मात्र कानडीत शिव्या खाऊन वळायचा, हेही खरं.

टेंपोत पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, निशिगंधाची टोपली. तिला पट्टा लावलेला. अण्णा मागं, उघड्यावर, जरबेरांवर छत्री धरून उभे. महामार्गावरून जाणारे लोक हात जोडायचे. कुणीतरी स्वामी चाललेत असं वाटायचं. अण्णा आशीर्वादही द्यायचे. निपाणी ते संकेश्वर एवढ्या पट्ट्यात त्यांच्या आशीर्वादानं किमान दोन आमदार निवडून आलेले असावेत.

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. रंग राहायचे. ग्रुप फोटोच्या वेळी स्टेजखाली उभं राहून हाकारे सुरू व्हायचे: “ओ पोपटी काकी, डाव्या अंगाला! चिंतामणी कलर, तुमी मागं! त्या राणी कलरला म्हणावं, तिथंच ऱ्हा, ढळू नगंस! आरं, वांगी कलर दोन एका जागी का हुभारल्यात? भाजी करायची हाय?” एका निवृत्त मामलेदारांना त्यांनी भर मांडवात “ओ आमसुली” म्हणून हाक मारली. साहेबांच्या उभ्या नोकरीत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. ते इतके खूश झाले की पुढच्या सगळ्या लग्नांना आमसुली कोट घालून यायला लागले, आणि हाक मारीपर्यंत पायरी चढायचे नाहीत.

आमची ओळख भांडणातून झाली. बेळगावातल्या एका लग्नात अण्णांनी जांभळ्या अष्टरचा असा पडदा केला होता की बघणाऱ्याला जांभळं खाल्ल्यासारखी जीभ वाटावी. मी फोटो दाखवले. फोटोत सगळं निळंशार.

“हे काय केलासा?” अण्णा गरजले. “माझं फूल जांभळं, तुमच्या डब्यात निळं कसं झालं? बुडवलासा कशात?”

मी सांगितलं, हॉलचे दिवे तसे आहेत, जांभळ्याचं असंच होतं.

“मग आधी सांगाय तोंड न्हवतं?”

“मला कुठं माहीत, तुम्ही कुठली फुलं आणणार ते?”

अण्णांनी फोटो पुन्हा एकदा निरखला. मग म्हणाले, “बरोबर हाय. फुलवाला एक करतोय, फोटोवाला एक करतोय, आन् नवरी मधल्या मधी मरती.” त्या दिवसापासून निपाणीचं फूल आणि बेळगावचा कॅमेरा एकमेकांना विचारल्याशिवाय कुठल्याच मांडवात गेले नाहीत.

पण त्याची किंमत मी माझ्या गुडघ्यांनी भरली. अण्णांचा एक नियम असा, की नवरीच्या डोक्यामागं फूल यायचं नाही. “डोस्क्यातनं शेवंती उगवली की फोटो मेला.” त्यासाठी मागचं डेकोरेशन नवरीच्या उंचीला धरून करायचं. नवरी तर पार्लरमध्ये. मग तिच्या जागी मी. नवऱ्या बुटक्या, मी ताडमाड, म्हणून उकिडवं बसायचं, डोक्यावर मुंडावळ्या बांधून घ्यायच्या आणि लाजल्यासारखी मान खाली घालायची. “जास्त लाजू नगासा,” अण्णा लांबून कॅमेऱ्यातून बघत ओरडायचे, “ही पोरगी बँकेत मॅनेजर हाय!” बेळगाव जिल्ह्यातल्या अर्ध्या नवरींच्या जागी मी आधी बसून आलोय. काही नवरदेवांनी मला बघूनच होकार दिला, असंही लोक म्हणतात.

एकदा त्यांची फुलं साडीला इतकी जुळली की मधमाश्यांनाही फरक कळेना. त्या सरळ नवरीच्या पदरावर येऊन बसल्या. नवरदेव शूरपणानं हाकलायला गेला आणि नाकावर चावून घेऊन आला. नाक फुगून फिकट गुलाबी. मांडवात रडारड. अण्णांनी लांबून डोळा बारीक करून बघितलं आणि मला म्हणाले, “घ्या आता. ह्येच एक ऱ्हायलं हुतं जुळायचं.”

आणि ड्रोन! ड्रोन हा अण्णांचा सात जन्मांचा वैरी. त्याच्या वाऱ्यानं पाकळ्या उडायच्या. चिकोडीकडच्या एका लग्नात त्यांनी त्याला आधी मराठीत हाकललं, मग कानडीत, आणि शेवटी हातातला झेंडूचा हार गरगरा फिरवून वर फेकला. हार बरोबर गळ्यात. ड्रोन सत्कार झालेल्या पुढाऱ्यासारखा डुलत डुलत उसात उतरला. तो सापडला तोवर त्या उसाची साखर होऊन पोत्यात गेली होती.

पण ह्या सगळ्या अरभाटपणाखाली एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. लग्न ठरवायला कुणी आलं की अण्णा थीम विचारायचे नाहीत, हॉल विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच: “मामा कोण? कुठं आसतोय?”

कारण आमच्याकडं अक्षता पडताना नवरीच्या अंगावर साडी असते ती मामानं आणलेली. बाकी शालू, पैठण्या सगळं नंतर. मामा डबा घेऊन येतो, आत्या-मावश्यांच्या देखत तो उघडतात, नवरी ती साडी नेसते, आणि अक्षतेला मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. हल्लीच्या मुली मामाला फोनवर रंग कळवतात, मामा बिचारा तोच रंग शोधत हिंडतो. पण असे मामा अजून आहेत जे म्हणतात, मी मामा आहे, दुकानातला नोकर नव्हे. मला आवडेल ती आणीन. तो डबा उघडेपर्यंत लग्नाचा रंग ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतो. म्हणून अण्णांचा शिरस्ता: मागचे खांब थीमचे, पुढचे दोन मामाचे. डबा उघडला की मगच ते दोन सजायचे. “नवरी सासरी नांदती, फोटो भिंतीवर नांदतोय,” ते म्हणायचे. “दोगास्नी बी नीट पाठवाय पायजे.”

आता आप्पांच्या हॉलमध्ये परत चला. तिथं मामा हा शब्द उच्चारायची बंदी होती.

झालं होतं असं. आप्पांच्या मोठ्या मुलाच्या लग्नात सगळ्यांचे फेटे मोरपंखी ठरले होते. मामा खानापूरकडचा, भातशेतीवाला, एकुलता एक भाऊ. तो आला तो आपला सातरंगी फेटा बांधून. सात कसले, मोजायला गेलं तर दहा निघाले असते. एका फेट्यात अख्खी साडीची बाजारपेठ. घरच्यांच्या फोटोला सगळे उभे राहिले. फोटोग्राफर कुठल्यातरी लांबच्या शहरातून आणलेला. त्यानं हसतमुखानं, गोड आवाजात सांगितलं, “काका, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर व्हा, रंग तुटतोय.”

मामानं आप्पांकडं बघितलं. आप्पा कॅमेऱ्याकडं बघत होते. मामानं बहिणीकडं बघितलं. ती खाली बघत होती.

मामा फ्रेमच्या बाहेर झाला. मग हॉलच्या बाहेर झाला, गावाच्या बाहेर झाला, आणि खानापूरला गेला तो परत आला नाही. दिवाळीला नाही, यात्रेला नाही. आप्पा म्हणत, “यवढ्याशा गोष्टीवरनं!” आणि रोज जेवताना तीच एवढीशी गोष्ट काढत. बहीण फोन करायची. तिकडून भावजय उचलायची आणि भाऊ रानात असल्याचं सांगायची. एवढी वर्षं माणूस रानातच. वाघ तरी घरी येतो.

नवरीला त्या मामानं लहानपणी खांद्यावर बसवून सगळं खानापूर दाखवलं होतं. ती आता बंगळूरला कंप्युटरच्या नोकरीत. तिनं सगळी थीम फिकट गुलाबी आणि पांढरी ठरवली होती, मोबाईलवर चित्रंसुद्धा पाठवली होती. अण्णांनी पहिल्या भेटीत आपला प्रश्न विचारला, “मामा कोण?” आणि एवढी शिकलेली, इंग्रजीत भांडणारी पोरगी टेबलावरच्या गुलदस्त्याकडं बघत म्हणाली, “मी मेसेज केलाय. रंग कुठला बी चालंल, फक्त ये, म्हणून. वाचलाय त्यानं. उत्तर न्हाय.”

अण्णांनी तिच्या फिकट गुलाबी साडीचा तुकडा पिनेत ओवला. पण सगळ्यात वर नाही, दुसरा. वरची जागा मोकळी.

लग्नाच्या दोन दिवस आधी अण्णा गायब झाले. फोन बंद. मी संकेश्वरला हॉल बघायला एकटाच, मुंडावळ्या स्वतःच्या स्वतः बांधून उकिडवा बसलो. वॉचमननं मला हटकलं. मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी अण्णा उगवले ते धुळीनं पिवळे झालेले.

“कुठं गेलतासा?”

“खानापूरला. पानं आणाय.”

मला वाटलं, असेल. तिकडं जंगल. नेचे, रानपानं आणायला ते कधीमधी जातही असत.

तर असा तो दिवस. आप्पांच्या जबड्याला शेवटी चाल मिळाली. “मामा बिमा काय येत न्हाय! चुलत मामा हुभा केलाय, साडी पोरीनंच आणलीया. खांब भरा!”

“तडी,” अण्णा म्हणाले. तडी म्हणजे कानडीत थांबा. कामगारांना म्हणायचा शब्द त्यांनी आप्पांना वापरला होता.

“लोकं हसाय लागल्यात!”

“हसू द्या की. लग्नाला रडाय आलत्यात व्हय?”

“मुहूर्त टळंल!”

“टळायच्या आत भरतो. शबूद माझा.”

आप्पा पाय आपटत गेले. अण्णा बसूनच राहिले, पण मी बघत होतो: बशीतला चहा संपला होता आणि ते रिकामी बशी ओठाला लावत होते. डोळा दाराकडं. माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याच रंगाला हाक मारत नव्हता.

नवरी खोलीत फिकट गुलाबी साडी मांडीवर घेऊन बसलेली. नेसवणाऱ्या बायका म्हणत होत्या, चल गं, आटप. ती म्हणत होती, “जरा.” आई दारात उभी. दोघींपैकी कुणीच कशाची वाट बघतेय असं म्हणत नव्हतं.

मग बाहेर एक टेंपो खोकला. भाताची पोती वाहणारा, अजून पेंढा लोंबत असलेला. त्यातून आधी उतरला फेटा. मी अतिशयोक्ती करत नाही: आधी फेटा, मग बऱ्याच वेळानं त्याखालचा माणूस. काखेत साडीचा डबा. मान खाली. पायरीवर येऊन थबकला, आत बघितलं, आणि त्याची नजर त्या दोन उघड्या खांबांवर गेली. तिथंच राहिली.

“आला,” अण्णा म्हणाले. एवढंच. आणि बशी हातातून पडून फुटली.

पुढचं सगळं एकदम झालं. बहीण धावली. भाऊ म्हणाला, “आक्का, बस उशिरा आली,” तो स्वतःच्या टेंपोतून आला होता तरी. बहिणीनं त्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि मग तिथंच डोकं टेकलं. डबा उघडला. साडी पोपटी! आणि काठ केशरी! फिकट गुलाबी हॉलमध्ये ती साडी अशी दिसली, जसं देवळात कुणी फटाका लावला. आत्या, मावश्या डोळ्यांवर हात धरून मागं सरल्या. नवरी मात्र गुलाबी साडी बाजूला टाकून उठली. “हीच,” म्हणाली, “आत्ता नेसवा.”

आणि अण्णा! माणूस पेटला. स्टेजखालून ओलं गोणपाट ओढलं, तर खाली पाट्याच पाट्या. एकीत केशरी झेंडू, दुसरीत पोपटी गुंड्यांसारखी शेवंती. मी म्हणालो, “अण्णा, हे बरोबर ह्याच रंगाचं कसं काय?” ते कानडीत मला काहीतरी बोलले, ते इथं लिहिता येत नाही. कामगार माकडासारखे बांबूवर चढले. नवरी साडी नेसून बाहेर येईपर्यंत दोन्ही खांब पोपटी-केशरी उभे. मागचे गुलाबी, पुढचे असे. माझ्या मनात आलं, हे दिसणार तरी कसं? कॅमेऱ्याला डोळा लावला. मागचं गुलाबी धुक्यासारखं मागं गेलं होतं आणि पुढं नवरी अशी उठून आली होती की जणू सगळं लग्न तिच्या साडीतूनच उगवलंय.

अक्षता पडल्या. मामा पाठीशी उभा होता. एवढी वर्षं रानात राहिलेला माणूस, भाताच्या अक्षता अंगावर झेलत.

आता घरच्यांचा फोटो. सगळे पुरुष फिकट गुलाबी फेट्यात, सगळ्या बायका फिकट गुलाबीत. मी म्हणालो, “या, सगळे या.” सगळे आले. आणि मामा, कुणी काही म्हणायच्या आधीच, हसत हसत पायरी उतरला.

“तुमी काढून घ्या. माझा फेटा काय जुळत न्हाय. मी हितं हाय की.”

ते हसणं बघवत नव्हतं. नवरीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. आप्पांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, खाली बघितलं, पुन्हा कॅमेऱ्याकडं बघितलं.

“ओ सातरंगी!”

अण्णांची हाक. अशी की सनईवाल्यानं सनई उलटी धरली.

“कुठं चाललासा? तुमच्या जिवावर मी पाटी भरून आणलीया, ती काय म्हशीला घालू?”

आणि शेवटचं गोणपाट उचललं. खाली एकच पाटी, आणि तिच्यात सगळं: लाल गुलाब, पिवळी शेवंती, जांभळा अष्टर, केशरी झेंडू, पांढरा निशिगंध. अण्णा स्टेजवर चढले आणि वाटत सुटले. “काकी, तुमी पिवळ्या. तुमी जांभळ्या. आप्पांचं पोरगं, तू लाल. हालू नगंस.” प्रत्येकाच्या छातीवर, वेणीत, खांद्यावर एकेक फूल, आणि प्रत्येक फूल लावायच्या आधी लांबून मामाच्या फेट्याकडं एक नजर, तिथं तो रंग कुठं आहे ते बघायला. शेवटी आप्पांपुढं उभे राहिले. हातात केशरी झेंडू. लावला नाही. आप्पांच्या हातावर ठेवला.

आप्पा त्या फुलाकडं बघत राहिले. मग तो फडाच्या टोकाला हाक मारणारा माणूस पायरी उतरला आणि इतक्या हळू बोलला की मला ते ओठांवरूनच कळलं: “मेव्हणं, मधी या. तुमच्याबिगर रंग तुटतोय.”

हात धरून वर आणला. मधोमध उभा केला. स्वतःच्या छातीला फूल स्वतः लावलं, तिरकं.

तो फोटो आजही माझ्या स्टुडिओच्या दारात आहे. सगळे मामाकडं बघतायत, कॅमेऱ्याकडं एकटा मामा. मधे सातरंगी फेटा आणि त्यातले रंग सांडून सगळ्या माणसांवर पसरलेले. बंगळूरहून मुली येतात, विचारतात, ही थीम कुठली? मी सांगतो, मामाचा फेटा. मग त्या आपापल्या मामाला फोन लावतात. काही मामा वर्षानुवर्षांनी फोन उचलतात. अण्णा आता थकलेत, धंदा सून बघते. ती फुलांशी मराठीतच बोलते आणि फुलं निमूट ऐकतात. पण पुढचे दोन खांब तीही शेवटपर्यंत भरत नाही.

त्या दिवशी पंगतीत मी मामाच्या शेजारी बसलो होतो. बुंदीवर तूप ओतून घेत तो म्हणाला, “ह्यो पांढरा माणूस तुमचाच न्हवं?”

“का?”

“परवा माझ्या खळ्यावर आलता की. म्हणाला, ‘लग्नाची साडी दाखवा, फुलं जुळवायची हायत.’ म्हटलं, कसली साडी? मी काय घेतल्याली न्हाय. तर म्हणतोय, ‘मग घ्या की. मी बसतो.’ आन् बसला की वो! भातावर मांडी घालून! दुपार झाली, उठंना. बायकोनं भाकरी वाढली, खाल्ली. खुंटीवरच्या ह्या फेट्याकडं बघत बसला. शेवटाला वैतागून त्याच्यासंगं बाजारात गेलो. पोपटी मी काढली, बघूया काय म्हणतोय. तर म्हणाला, ‘झ्याक.’ कापडाचा एक कोपरा कापून घिऊन पिनंत लावला.”

“म्हणजे तुम्ही यायचं ठरवलंच होतं?”

“कुठलं! साडी घेतली म्हंजे यीन, आसं मी म्हणालोच न्हवतो. त्यानं बी यिऊ का नगं विचारलं न्हाय. जाताना गाडीत चढून यवढंच म्हणाला, ‘दोन खांब उघडं ठिवतो.’” मामानं बुंदीचा घास तसाच हातात धरला. “सकाळी भाताच्या झोडपणीला मानसं लावलीवती. पर डोस्क्यात त्ये खांबच. म्हटलं, समद्या पावण्यांम्होरं उघडं हुभं आसतील.”

परत येताना ऊन कलतं झालं होतं. निशिगंधाची टोपली रिकामी झाली होती, तरी अण्णा पुढं बसले नाहीत. मागं उरलेल्या झेंडूशेजारी बसले, म्हणून मीही मागं बसलो. पिनेत सगळ्यात वर पोपटी तुकडा फडफडत होता, केशरी काठाचा. दोन्हीकडं ऊस, वारा तोंडावर.

“अण्णा,” मी विचारलं, “खानापूरला कशाला गेलतासा?”

“सांगितलं की. पानं आणाय.”

“मग पानं कुठं हायत? मांडवात एक बी न्हवतं.”

अण्णांनी टोपी नीट केली.

“न्हाय मिळाली.”